गाईसाठी बांधलेली गाठ

आमचं घर सांगलीच्या अगदी कडेला आहे. गल्लीतलं शेवटचं घर, आणि घराची मागची भिंत संपली की आमचंच रान. पुढच्या दारी शहर, मागच्या दारी हळद. पाहुणे आले की म्हणतात, "वा, शेतातली हवा मिळते तुम्हाला." हवा मिळते हे खरं, पण त्या हवेबरोबर आणखी काय काय घरपोच मिळतं ते पाहुण्यांना कळत नाही, कारण ते चहा पिऊन जातात.

माझं माहेर साताऱ्याचं. सातारची माणसं बोलायला तिखट असतात असं सांगलीत म्हणतात, आणि पंधरा वर्षांत मी त्यांना खोटं पडू दिलेलं नाही. नवरा फौजेत आहे, वर्षातून दोनदा येतो, त्यामुळे माझ्या तोंडाचा सगळा मारा सासऱ्यांना झेलावा लागतो. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबासुद्धा फौजेतलेच, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडली तरी पहाटे पाचला दाढी करून तयार. दारातल्या चपला वाकड्या दिसल्या तर "ये क्या फॉलिन है?" असं, रांग मोडलेल्या जवानांना विचारावं तसं, चपलांनाच विचारतात. आमचं दोघांचं छान जमतं. म्हणजे रोज भांडतो आणि रोज एकत्र जेवतो.

आबांना पेन्शनचा अभिमान नाही, मेडलांचाही नाही. अभिमान एकाच गोष्टीचा, आपल्या रानात दरवर्षी मेंढरं बसतात याचा. हळद काढून झाली की उन्हाळ्याच्या तोंडावर जतकडचे एक मेंढके आपला कळप घेऊन येतात. आम्ही त्यांना मेंढकेमामा म्हणतो. दिवसभर मेंढरं रानातला पाला आणि तण खात फिरतात आणि अंधार पडला की तिथंच जाळीच्या कुंपणात बसतात. त्या जाळीला ते वाघूर म्हणतात. वाघूर रोज थोडी पुढं सरकवायची, म्हणजे आठ-दहा दिवसांत सगळ्या रानावर लेंड्या पडतात. तसं खत दुकानातल्या कुठल्याच पोत्यात मिळत नाही. मामांचे वडील आमच्या आजेसासऱ्यांकडे यायचे, मामा आबांकडे येतात. कळप आला की आबा काही काम नसताना गल्लीतून दोन चकरा मारतात आणि दिसेल त्याला सांगतात, "आमच्यात मेंढरं बसल्यात."

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मामा आले ते एकटेच. कळप मागं ठेवून आले होते. चहासुद्धा न घेता थेट रानात गेले. मी आणि आबा मागोमाग. मामांनी काठीच्या टोकानं प्लॅस्टिकची एक पिशवी उचलली, झटकली, पुन्हा टाकली. पुढं गेले, दुसरी उचलली. सगळं रान असं फिरून आले आणि आबांच्या समोर उभे राहिले.

"आबा, औंदा न्हाई बसवत हितं."

आबांना वाटलं मामा चेष्टा करताहेत. ते हसायला लागले. मामा हसले नाहीत.

"गेल्या साली हितनं हाललो आन चौथ्या दिशी दोन मेंढ्या बसल्या त्या उठल्याच न्हाईत," मामा म्हणाले. "रवंथ बंद, पोट ह्ये आसं फुगल्यालं. फाडून बगितलं तर आत पिशव्या. कणकीच्या गोळ्यावानी घट्ट गोळा झालता. आन आबा, निम्म्या पिशव्यांना गाठ मारल्याली तशीच."

"गाठ?" आबांनी विचारलं.

"व्हय. आत भाकरी, भात आसंल. त्येच्या वासानं मेंढरू पिशवीसकट गिळतंय."

मी आबांना तसं पहिल्यांदाच पाहिलं. सीमेवरच्या गोष्टी सांगताना ज्यांचा आवाज हलत नाही, ते आबा रानाकडे बघत नुसते उभे होते. शेवटी म्हणाले, "गड्या, माझ्या बापाच्या वक्तापासनं कुणी माझ्या रानाला न्हाई म्हनलं न्हवतं रं."

मामांनाही वाईट वाटलं असणार. ते म्हणाले की नदीपलीकडच्या गावात आठ दिवस कळप बसवणार आहे, नवव्या दिवशी ह्याच वाटेनं परत जायचं आहे. तेव्हा कारभारीण बरोबर असेल, दोघं मिळून रान बघतील. बरं दिसलं तर बसवतील, नाहीतर सरळ पुढं. एवढं बोलून त्यांनी चहा घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अंगणात शिट्टी वाजली. मी दचकून बाहेर आले तर आबा फौजेतली जुनी टोपी घालून उभे. हातात दोन रिकामी पोती.

"सूनबाई, फॉलिन."

"आबा, अजून चहा नाही झाला."

"चहा मोर्चा फत्ते झाल्यावर."

आबांनी रानाचे सहा भाग पाडले होते, कागदावर नकाशा काढून. एका ओळीत चालायचं, डावीकडचं मी उचलायचं, उजवीकडचं त्यांनी. खरं सांगते, मला एवढी मजा बरेच दिवसांत आली नव्हती. आमच्या शहराचं सगळं खाजगी आयुष्य त्या रानात येऊन पडलेलं. शांपूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा. कुणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा फ्लेक्स, त्यात हात जोडलेले आणि डोकं गायब. एका औषधाच्या दुकानाच्या इतक्या पिशव्या सापडल्या, की आमच्या भागात नेमका कुठला आजार पसरलाय याची मला काळजी वाटायला लागली. आबा प्रत्येक पिशवी उचलताना फौजेतल्या हिंदीतली एकेक शिवी द्यायचे आणि मग माझ्याकडे बघून खोकायचे. तीन दिवसांत नऊ पोती भरली. कंबर मोडली, पण रान काळंभोर, स्वच्छ, जसं हळद लावायच्या आधी असतं तसं दिसायला लागलं. आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "आता बगू कसं न्हाई म्हंतोय."

चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर रानभर पुन्हा पिशव्या.

वारं गल्लीकडून रानाकडे वाहतं. आम्ही उचलत होतो ते शहराचं कालचं सामान, आजचं ते आज पाठवणारच होतं. मी बांधावर बसून हसायलाच लागले. आबा मात्र हसले नाहीत. "शत्रू कुठनं येतोय त्येचा पत्ता लागल्याबिगर लढाई हुत न्हाई," म्हणाले, आणि पाचव्या दिवशी उजाडताच गल्लीच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडामागं, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून पहाऱ्यावर बसले. प्लॅस्टिकचीच खुर्ची, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आबांना वाटलं होतं कुणीतरी गाडीवरून येऊन कचऱ्याची पोती भिरकावत असणार. त्याला कसं धरायचं, काय बोलायचं, सगळं ठरवून ठेवलेलं. तसं कुणीच आलं नाही. सहा-साडेसहाला एकेक बाई आली. आंघोळ केलेली, कुंकू लावलेली. हातात छोटी पिशवी, नीट गाठ मारलेली. आत रात्रीची भाकरी, उरलेला भात, एखादी पोळी. लिंबाच्या बुंध्याशी पिशवी हळूच ठेवायची, गाय आलेली असली तर तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि घरी जायचं. कुणी दोन पिशव्या ठेवल्या, कुणी चार. गाय त्यातली एखादी फोडणार, बाकीच्या कुत्री ओढणार, आणि उरलेल्या वारा आमच्या रानात पोचवणार. शत्रू म्हणून ज्यांची वाट बघत आबा बसले होते त्या सगळ्या आमच्या शेजारणी निघाल्या, आणि करत होत्या ते पुण्याचं काम.

आणि सातच्या सुमाराला आबांनी आणखी एकीला पाहिलं. मला.

मी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीचा भात आणि दोन भाकरी घेऊन आले होते. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज येत होते. अन्न कचऱ्यात जाऊ नये, अन्नाला पाय लागू नये, हे माझ्या आईनं मला पोळी लाटायला शिकवायच्या आधी शिकवलं. मुंग्या लागू नयेत म्हणून मी तर दोन गाठी मारायची, एकीवर एक, पिशवीचे कान ओढून घट्ट. तीन दिवस रानातल्या पिशव्या गोळा करताना ही पिशवी एकदाही माझ्या डोक्यात आली नाही. कशी येईल? रानात पडलेला तो कचरा होता आणि माझ्या हातातला तो गाईचा घास.

आबा झाडामागून उठले. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "सापडला," एवढंच म्हणाले. "घरातलाच निगाला."

मला राग आला. चूक कळली की मला आधी राग येतो, लाज नंतर येते, हा माझा जुना आजार. मी तिथंच भर रस्त्यात आबांशी भांडले. "मग काय अन्न घंटागाडीत टाकू? डायपरच्या शेजारी भाकरी ठेवू? असलं पाप मी नाही करायची!" घरी आले, भांडी आपटली, दुपारचं जेवण मुक्यानं वाढलं. आबा मुकाट जेवले आणि ताट स्वतः घासून ठेवलं. त्यानं तर मी आणखी चिडले.

चिडचिड कुठंतरी काढायची म्हणून मागच्या अंगणात गेले आणि पोती रिकामी करून नीट बघायला लागले. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पुड्या वेगळ्या. आणि मग ती दिसली. पोट फाटलेली पिशवी, आत काही नाही, पण वर दोन गाठी, एकीवर एक, कान ओढलेले. स्वयंपाकीण आपली भाकरी ओळखते, तशी माझी गाठ मी ओळखली. मग दुसरी सापडली, मग आणखी. मामांच्या त्या दोन मेंढ्या डोळ्यांपुढं आल्या. पोट फुगलेल्या, बसल्या त्या न उठलेल्या. मी पायरीवर बसले आणि रडले. गाईला घास म्हणून मी रोज सकाळी फास बांधत होते.

संध्याकाळी साताऱ्याला आईला फोन केला. मला वाटलं ती समजूत काढेल. मी सगळं सांगितलं.

"आई, तुझ्या आईच्या वेळी कसं करायचे गं?"

"तवा कुठल्या पिशव्या? हातात भाकरी घ्यायची, गाईच्या तोंडात द्यायची. गाय नसली तर दगडावर ठेवायची." मग आवाज खाली आणत म्हणाली, "मी पण पिशवीच ठेवते की गं. आमच्या उतारावर आमची सगळी गल्ली ठेवते. ते सगळं खाली कुठं जातं, मी कधी बघितलंच नाही."

आम्ही दोघी फोनवर, कशानं कोण जाणे, हसायला लागलो. तीन पिढ्यांचं पुण्य आणि मध्येच ही पिशवी घुसलेली.

फोन ठेवून बाहेर आले तर आबा गोठ्यातून काहीतरी ओढत होते. पूर्वी म्हशींना पाणी पाजायची दगडी डोण. म्हशी गेल्यापासून तिच्यात तुळस वाढत होती. मी काही न विचारता दुसरीकडून हात लावला. तुळस कुंडीत हलवली, डोण घासली, आणि पहारीनं रेटत, दर चार पावलांना भांडत, लिंबाखाली नेऊन ठेवली.

सहाव्या दिवशी सकाळी पहाऱ्यावर मी उभी. पहिली बाई आली, तिला म्हटलं, "काकू, गाठ सोडा, अन्न डोणीत ओता आणि पिशवी घरी न्या." काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आता गाईला ताटात वाढायचं व्हय? उद्या म्हनशील लोणचं पण ठेवा."

"ठेवा की, मी पापड तळून आणते."

काकू हसल्या आणि गाठ सोडली. दुसरीनं सोडली. तिसरी, आमच्या गल्लीतल्या सगळ्यात कडक आजी, म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं गाईला घास घालते, काल आलेल्या पोरीनं मला शिकवू नये." पिशवी बुंध्याशी ठेवून ताडताड निघून गेल्या. मी ती उचलली, गाठ सोडली, अन्न ओतलं आणि पिशवी धुऊन त्यांच्या दारात नेऊन दिली. मेंढ्यांचं सांगितलं. माझ्या दोन गाठींचंही सांगितलं, ते सांगणं सोपं गेलं नाही. आजींनी दार लावून घेतलं.

सातव्या दिवशी सकाळी मी गेले तर डोणीला हळदीकुंकू लावलेलं होतं, वर दोन जास्वंदीची फुलं. आजी झाडाला टेकून उभ्या. "आता बगते कोन हितं पिशवी टाकतंय," म्हणाल्या. हळदीकुंकू लागलेल्या दगडापाशी कचरा टाकायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. जे नऊ पोत्यांना जमलं नाही ते त्या दोन बोटांनी केलं. त्या दिवशी रानात मोजक्याच पिशव्या आल्या. दुपारी आम्ही गल्लीच्या बाजूला जुन्या साड्यांचं कुंपण बांधलं, रानडुकरांसाठी बांधतात तसं, म्हणजे उडून येणारं तिथंच अडावं. एकेकीनं एकेक साडी दिली. बांधताना कुठली साडी कुणाच्या लग्नात मिळाली आणि किती भिकार होती याच्यावर एवढी चर्चा झाली, की आबा कानात कापूस घालतो म्हणाले.

नवव्या दिवशी मामा आले. बरोबर मामी, आणि मागं रस्त्यावर सगळा कळप, दोन घोड्यांवर बिऱ्हाड. गल्लीतल्या बायका बांधावर गोळा झाल्या. आबा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून बांधाच्या टोकाला ताठ उभे. साहेबाच्या इन्स्पेक्शनला उभे राहावं तसे.

मामा रानभर फिरले. काठी कुठंच वाकली नाही. पण मामी मधोमध उकिडव्या बसल्या आणि हातानं माती उकरली. वर आलं ते नखाएवढं निळं प्लॅस्टिक. दुसरीकडं उकरलं, तिथंही.

"वरचं येचलंसा," मामी आबांना म्हणाल्या. "खालचं किती वर्सांचं हाय?"

आबांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "लय वर्सांचं. त्ये समदं न्हाई निगायचं, बाई. माझ्या हयातीत तर न्हाई."

मामींनी मामांकडे बघितलं. मामा कळपाकडे बघायला लागले. मला कळलं, आता ते निघणार. आबांची मान खाली गेली.

तेवढ्यात वारं सुटलं. एक पांढरी पिशवी साड्यांच्या वरून उडून आली आणि रानात नाचत सुटली. मी बांधावरून उडी मारली. साडी खोचायलाही वेळ नव्हता. पिशवीच्या मागं धावले, ती डावीकडं, मी डावीकडं. मागं वळून बघते तर काकू धावताहेत, त्यांच्या मागं आणखी चौघी, आणि सगळ्यांच्या पुढं, पदर कमरेला खोचून, चप्पल हातात घेऊन आमच्या कडक आजी. "तिकडनं घ्या, तिकडनं!" आबा बांधावरून हुकूम देत होते, "लेफ्ट, लेफ्ट!" मी पिशवीवर झेप घेतली आणि ढेकळांत तोंडावर आपटले. पिशवी माझ्या मुठीत. बायका धापा टाकत हसत होत्या.

मी मातीतून मान वर केली तर मामीही हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मामांना म्हणाल्या, "सोडा मेंढरं. मेंढरं आमी दिसभर राखू, रान राखायला ह्या बाया हायेत."

मामांनी तोंडानं आवाज दिला आणि कळप रानात शिरला. मी उठायच्या आधीच मेंढरं माझ्याभोवती. उबदार, लोकरीच्या वासाची. आबा गल्लीकडे वळून ओरडत होते, "आमच्यात मेंढरं बसल्यात!" एका मेंढीनं माझ्या मुठीला नाक लावलं आणि पिशवीचा कोपरा दातात धरला. मी तो हळूच सोडवून घेतला, पिशवीची घडी करून कमरेला खोचली, आणि रिकामा तळहात तिच्यापुढं धरला. तिनं तो चाटला.